बारापैकी चार स्टेंट

त्या कूलरबद्दल मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. हसू येईल तुम्हाला — कूलरमध्ये काय एवढं लपवण्यासारखं? बारामतीत उन्हाळ्यात घरोघरी असतो. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, आणि सुरू केला की शेजाऱ्यालाही कळावं इतका आवाज. आमच्या कंपनीच्या ऑफिसातही तसाच एक होता. त्याच्याबद्दल मी नऊ वर्षं गप्प आहे. बायकोला ठाऊक नाही. साहेबांना ठाऊक नाही. आणि जिला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, तिला तर नाहीच.

याआधी दोनदा हे लिहायला बसलो आणि दोन्हीदा कागद फाडले. दोन्हीदा माझ्या लक्षात आलं, की मी सुरुवात एसी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकपासून केली होती. म्हणजे दोष आधी त्याच्या दारात ठेवायचा, आणि मग उरलासुरला आपल्याकडे घ्यायचा. या वेळी तसं करणार नाही. मेकॅनिक येईल मध्ये, तो होताच — पण त्याच्यामुळे मी सुटत नाही, एवढं तुम्ही धरून चाला.

मी जगदाळे. बारामतीतच बी.एस्सी. केलं, रसायनशास्त्र घेऊन, आणि इथल्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत लागलो ते आजतागायत. दवाखान्यात लागणाऱ्या नळ्या, सुया, असल्या वस्तूंवर पातळ लेप चढवायचं आमचं काम. आम्ही त्याला कोटिंग म्हणतो. काचेची एक बंद खोली आहे, तिच्यात टोपी-मास्क घालून जायचं. त्या खोलीचा मी प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर तिथे माझ्या शब्दाला कुणी उलट बोलत नसे. ही सवय वाईट. पण ती पुढे कळेलच.

रेहाना तांबोळी मॅडम आमच्याकडे आल्या त्या स्टेंटचं काम घेऊन. स्टेंट तुम्हाला माहीत असेल — हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला की आत बसवतात ती धातूची जाळीदार बारीक नळी. आमच्याकडे खेड्यात तिला स्प्रिंग म्हणतात. 'अमक्याला दोन स्प्रिंगा टाकल्या' असं लोक सांगतात, आणि पुढे सांगतात, 'आता गोळी चुकवायची नाही.' ती गोळी का, हे मला मॅडमनी समजावलं. रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असतं. स्टेंट बसवताना ते खरवडलं जातं. हळूहळू ते परत वाढतं आणि धातूला झाकून टाकतं. पण ते येईपर्यंत धातू उघडा, आणि उघड्या धातूवर रक्त गोठू शकतं. म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. आजकालच्या बहुतेक स्टेंटवर औषध असतं, त्याने आत जास्तीचं मांस वाढत नाही, हे चांगलं — पण त्याच औषधाने अस्तरही सावकाश येतं. म्हणून गोळ्या जवळजवळ वर्षभर.

मॅडमचे वडील इंदापूरला शिंपी होते. त्यांना स्टेंट बसवला होता. पुढे दाढ काढायची वेळ आली तेव्हा कुणीतरी सांगितलं, की रक्त थांबणार नाही, चार दिवस गोळ्या बंद ठेवा. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता बंद ठेवल्या. पाचव्या दिवशी गेले. मॅडम तेव्हा पुण्यात डॉक्टरेट करत होत्या, दुसऱ्याच कुठल्यातरी विषयात. त्यांनी विषय बदलला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, डबा खाताना, आणि पुन्हा कधी काढलं नाही. 'अस्तर' हा शब्द त्या वापरायच्या तो अब्बांचा होता, त्यांच्या दुकानातला.

त्यांचा लेप असा होता, की त्यात प्रथिनाचा एक बारीकसा तुकडा बांधलेला असे. दोडक्याच्या वेलाला काठी दिली की तो धरून चढतो ना, तशा अस्तराच्या पेशी त्या तुकड्याला धरून धातूवर पसरायच्या. महिनोन् महिने लागणारं काम काही आठवड्यांत व्हावं, असा हिशोब. चार वर्षं त्यांनी त्याच्यावर घालवली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटल्यांत ते जमलं. मग पुढची पायरी आली — पुण्याच्या एका प्रयोगशाळेने तारीख दिली. बारा ससे, बारा स्टेंट. हे जमलं असतं तर काम पुढे गेलं असतं. नाही जमलं तर साहेब पैसे थांबवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तांबोळी मॅडमना सगळ्यांत जास्त.

आता आमच्या खोलीची एक खोड सांगितली पाहिजे. भिंतीवर एक गोल घड्याळासारखं यंत्र आहे, दोन काट्यांचं. एक काटा तापमान दाखवतो, दुसरा हवेतला ओलावा. तापमान सव्विसाच्या खाली हवं, ओलावा चाळिसाच्या खाली. दर दोन तासांनी दोन्ही आकडे वहीत लिहायचे. तापमान आम्ही बघून लिहायचो. ओलावा — बत्तीस. न बघता. पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर आमच्याकडची हवा अशी कोरडी, की ओठ फुटतात. मे महिन्यात बारामतीत ओलावा कुठून येणार? तेव्हा बत्तीस. माझ्या आधीच्या प्रमुखाने मला तसं शिकवलं, मी इतरांना शिकवलं. समुद्राकाठच्या एखाद्या गावात अशी खोड लागली नसती. मॅडम तेवढ्या प्रत्येक वेळी मान वर करून दोन्ही काटे बघायच्या. त्यावरून मी त्यांची थट्टा करायचो. मॅडम, तुम्ही बारामतीत आहात, रत्नागिरीत नाही. त्या हसायच्या आणि तरी बघायच्या.

बारा स्टेंटवर लेप द्यायचा होता त्या दिवशी त्या नव्हत्या. अब्बांची बरसी होती, इंदापूरला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याची गाडी येणार होती, आणि त्यांना वाटत होतं, की बरसीला जाऊच नये. मीच म्हणालो, जा. द्रावण त्यांनी स्वतः बनवून ठेवलं होतं, दोन आठवडे लागतात त्याला. बाटली उघडली की त्याच दिवशी संपवायची, नाहीतर फेकायची. जाताना म्हणाल्या, "जगदाळे सर, तुमच्यावर सोडून जातेय हं."

"निघा हो मॅडम. मी काय आज पहिल्यांदा कोटिंग करतोय का?"

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. माझ्याच आवाजात.

सकाळी चार स्टेंट केले. सुंदर झाले. काचेसारखे स्वच्छ. मग साडेबाराच्या सुमाराला एसी बंद पडला. मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला संध्याकाळी बघतो, सगळ्या गावाचे एसी आजच गेलेत. तापमान चढायला लागलं. एकोणतीस. एकतीस. बाटली उघडी. आठ स्टेंट बाकी. मॅडमना फोन करायचा होता. करायचा म्हणजे करायलाच हवा होता. मी स्वतःला सांगितलं, घरात बरसी आहे, कशाला त्रास द्यायचा. खरं कारण ते नव्हतं. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान बाईला, माझ्याच खोलीत काय करू म्हणून विचारायचं मला नको होतं.

आमच्याकडे नामदेवतात्या म्हणून सेवक होते, इंदापूरजवळच्या बावड्याचे. वयाने माझ्याहून मोठे. मी त्यांना हाक मारली आणि ऑफिसातला कूलर आणायला सांगितला.

तात्या दारातच थांबले. "हितं? काचंच्या खोलीत?"

"हो."

"पाण्यासकट?"

"बिनपाण्याचा मग पंखाच की तो, तात्या."

त्यांनी आणला. आम्ही दोघांनी तो आत ढकलला, टाकी भरली, दार लावून घेतलं. तासाभरात तापमान पंचविसावर आलं. तुम्हाला सांगतो, मला स्वतःचं कौतुक वाटलं. अडल्या वेळी डोकं चालवणारा माणूस मी! त्याच यंत्रावर, त्या काट्याच्या बोटभर शेजारी, दुसरा काटा होता. मी बघितला नाही. वहीत लिहिलं — पंचवीस, बत्तीस. दोन तासांनी पुन्हा — पंचवीस, बत्तीस.

सकाळी येऊन पाहतो तर ते आठ स्टेंट पांढुरके. धुतलेल्या भांड्यावर दुधाची साय राहून जावी तसे. भिंगाखाली धरले. सगळ्या लेपाला बारीक बारीक भोकं, घावनाला पडतात तशी. काय झालं ते मला क्षणात कळलं. ओला लेप वाळताना खोलीतल्या दमट हवेतलं पाणी त्यात उतरतं, आणि वाळलं की त्याची भोकं राहतात. पेशींना धरायला काही उरत नाही, आणि रक्त मात्र त्या खडबडीवर अडकतं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. नव्या लोकांना हे शिकवायचं काम माझंच होतं.

इथपर्यंत चूक होती. मूर्खपणाची, पण चूक.

मी काय करायला हवं होतं? आठ स्टेंट बाजूला काढून, मॅडम आल्या की सांगायचं — कूलर लावला, बिघडले. पुण्याची तारीख गेली असती. चार-पाच महिने थांबावं लागलं असतं, नवं द्रावण करावं लागलं असतं. मॅडम रागावल्या असत्या का? मला नाही वाटत. चेहरा पडला असता, आणि मग त्या वही उघडून पुन्हा सुरुवात करायला बसल्या असत्या. मला भीती त्यांची नव्हतीच. मला भीती होती ती चहाच्या टपरीची. कोटिंग रूमचा प्रमुख, एवढ्या वर्षांचा अनुभव, आणि खोलीत पाण्याचा कूलर लावला! एमआयडीसीत हे दोन दिवसांत पसरलं असतं. कूलरवाले जगदाळे. मी आधी दोघातिघांना अशी नावं ठेवली होती, त्यामुळे ती कशी चिकटतात हे मला चांगलं ठाऊक होतं. एवढंच. एका टोपणनावाच्या भीतीने मी हे केलं.

मग डब्यांवर क्रमांक घालायचे होते. ज्या क्रमाने लेप दिला त्याच क्रमाने घालायचे असतात. म्हणजे चांगल्या चारांना क्रमांक एक ते चार, आणि बिघडलेल्यांना पाच ते बारा. माझ्या डोक्यात विचार आला — उद्या निकाल असा आला, की पहिले चार चांगले आणि पुढचे सगळे वाईट, तर कुणीही विचारेल, चौथ्यानंतर काय झालं? मी पेन हातात घेतलं. मग चांगले चार बारांमध्ये विखुरले. दोन, तीन, सात, अकरा. मुद्दाम वेडेवाकडे, कसलीच संगती लागू नये असे. उरलेल्या जागी आठ बिघडलेले. वर डबे बंद करून सील लावलं.

ही ती गोष्ट. कूलर नाही. हे क्रमांक.

मॅडम दुपारी आल्या, गाडी निघायच्या जरा आधी. सीलबंद डबे बघितले. कसे झालेत म्हणून विचारलं. मी म्हणालो, छान. त्यांनी माझ्यासाठी बरसीचा जर्दा, म्हणजे केशरी गोड भात, आणला होता, स्टीलच्या छोट्या डब्यात, वरून काजू लावलेला. गाडी गेल्यावर मी तो खाल्ला. सगळा खाल्ला. डबा घासून परत दिला.

निकाल यायला काही आठवडे गेले. आला तो असा — दोन, तीन, सात आणि अकरा क्रमांकाच्या सशांत अस्तर इतकं सुरेख आलं होतं, की पुण्याच्या माणसांनी वेगळे फोटो काढून पाठवले. बाकी आठांत काहीच नाही. त्यांतल्या काहींत रक्त गोठलेलं.

साहेबांनी बैठक घेतली. आमचे साहेब शिकलेले, परदेश बघून आलेले, पण चिडले की गावच्या बोलीवर येतात. "मॅडम, बारापैकी चार," ते म्हणाले. "आपण काय पेढं वळतोय का हितं, चार बरं निघालं म्हणून खपून जातील?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "चारांत झालंय म्हणजे ते होतं, साहेब. बाकीच्यांत काय चुकलं तेवढं मला शोधू द्या."

त्यांना तीन महिने मिळाले. पैसे नाहीत, दुसरे ससे नाहीत, फक्त तीन महिने. त्यांनी कपाटावर एक कागद चिकटवला — २, ३, ७, ११. त्या कागदासमोर उभ्या राहायच्या. या चारांत असं काय होतं? बाटलीच्या तळाचं द्रावण? वरचं? धातूचा वेगळा गठ्ठा? ससे कुठल्या पिंजऱ्यातले होते, इथपर्यंत त्यांनी पुण्याला विचारलं. पुन्हा लेप दिले, ताटलीत तपासले — सगळे उत्तम. आणि उत्तम येत होते म्हणूनच त्या वेड्या व्हायची पाळी आली. ताटलीत बाराच्या बारा, आणि सशांत चार. का? मी रोज शेजारच्या टेबलाशी बसून हे बघत होतो. हे चार सकाळी सगळ्यांत आधी केलेले, एवढं एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. एखाद्या माणसाला बंद दारावर डोकं आपटताना बघायचं, आणि किल्ली आपल्या खिशात आहे हे माहीत असताना त्याला पाणी विचारायचं — मी ते करत होतो. मी त्यांच्याबरोबर शोधायचं नाटकही केलं. धातूच्या गठ्ठ्याची कल्पना माझीच होती.

एकदा त्यांनी मला सरळ विचारलं. खोलीत दोघंच होतो.

"सर, त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का? आठवून सांगा."

"नाही. नेहमीसारखंच."

त्यांनी वहीसुद्धा काढून बघितली. एसी बंद पडल्याची नोंद मी केलीच नव्हती. पंचवीस, बत्तीस. पंचवीस, बत्तीस. वही मिटून त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, ओलाव्याचा तर प्रश्नच नाही, मे महिना होता. बरोबर दारापाशी आल्या होत्या त्या, आणि वळून गेल्या. मी मान हलवली. हो, मे महिना होता.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकतो, नाहीतर हा कागदही फाडावा लागेल. बैठकीत साहेब त्यांना बोलत होते तेव्हा मला लाज वाटली, भीतीही वाटली. पण त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी थोडं बरंही वाटलं. पुण्याची डॉक्टरेट. दोन्ही काटे बघणारी बाई. बघा, शेवटी काय झालं — असं. असा मी होतो. हे मी स्वतःलाही फार उशिरा सांगितलं.

तीन महिन्यांनी काम बंद झालं. मॅडमनी आपला निष्कर्ष लिहून दिला — 'द्रावण एकसारखं ढवळलं गेलं नाही, चूक माझ्या हातून झाली.' खाली सही. त्या गेल्या. स्टेंटची खोली पुन्हा नळ्यांच्या कामाला लागली. माझी दोन वर्षांनी बढती झाली.

एवढी वर्षं हे असंच राहिलं असतं. राहिलं असतंच, मी स्वतःला ओळखतो. पण गेल्या दिवाळीनंतर कळलं, की नामदेवतात्यांना झटका आला आणि बारामतीत स्प्रिंग टाकली. ते निवृत्त होऊन बावड्याला राहत होते. मी भेटायला गेलो. अंगणात खुर्चीवर बसले होते, एक हात पोटाच्या खालच्या बाजूला दाबून धरलेला. मला वाटलं दुखतंय. तर हर्निया. जुनाच, पण आता वाढला होता. ऑपरेशन करायचं तर रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि डॉक्टर म्हणाले, निदान वर्षभर तरी थांबवायच्या नाहीत, स्प्रिंग कच्ची आहे. तोवर असं हाताने धरून चालायचं. खोकला आला तरी दोन हातांनी दाबायचं.

"छातीचं बरं हाय आता," तात्या म्हणाले. "पर हे बघा की. एक शिवलं म्हणून दुसरं उसवून ठेवायचं." मग म्हणाले, "त्या तांबोळी मॅडम ह्याच्यावरच करत हुत्या न्हवं काम? लवकर भरून यायचं?"

मी हो म्हणालो.

"माझी नात हाय त्यांच्या हाताखाली. इंदापूरला, कॉलेजात शिकवत्यात त्या. पहिल्याच तासाला सांगितलं म्हणं पोरींना, की मी एकदा नीट ढवळलं न्हाय आन् चार वर्सं पाण्यात गेली, तवा चूक झाली तर आपली म्हणायला शिका." तात्या माझ्याकडे बघत नव्हते, अंगणाकडे बघत होते. "जगदाळेसायेब, एक इचारू? तवा कूलर मीच ढकलत आणला हुता आत. त्यानं तर काय बिघडलं नसंल न्हवं?"

नऊ वर्षं हा म्हातारा हे मनात घेऊन होता. त्याला रसायनशास्त्रातलं काही कळत नव्हतं, पण पाण्याचा कूलर काचेच्या खोलीत नेताना तो दारात थांबला होता, आणि मी थांबलो नव्हतो.

"नाही तात्या," मी म्हणालो. "त्याचा काही संबंध नाही."

बावड्याहून इंदापूरला येईपर्यंत एसटीत मी एकच वाक्य पाठ करत होतो. मॅडम, त्या दिवशी खोलीत कूलर होता. एवढंच म्हणायचं, पुढचं आपोआप येईल. कॉलेज शोधलं. मॅडम शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत बसल्या होत्या. केस पांढरे झालेत थोडे. मला बघून उभ्या राहिल्या, त्यांना खरोखर आनंद झाला होता. चहा मागवला. तात्यांची चौकशी केली, हर्नियाचंही ऐकून घेतलं. मग म्हणाल्या —

"सर, एक अजून सुटत नाही मला. आठ का बिघडले ते मी समजू शकते, ढवळण्यात माझी चूक झाली. पण एकाच बाटलीतून मग चार इतके चांगले कसे आले? पेपर तपासता तपासता मध्येच तेच डोक्यात येतं. दोन, तीन, सात, अकरा. काय वेगळं केलं होतं हो मी?"

माझं वाक्य ओठांवर होतं. खरंच होतं. मी चहाचा कप खाली ठेवला, आणि म्हणालो, "मॅडम, काही गोष्टी कळतच नाहीत."

त्या म्हणाल्या, "हो ना."

मग तासाची घंटा झाली आणि त्या गेल्या. घंटेमुळे राहून गेलं असं मी परतीच्या गाडीत स्वतःला सांगून बघितलं. पण घंटेआधी चांगली वीस मिनिटं होती.

पहिल्यांदा मी एका टोपणनावाला भ्यालो होतो, असं मी वर लिहिलंय. पण त्या दिवशी इंदापूरला कसली भीती होती? माझी बढती कुणी काढून घेणार नव्हतं. चहाच्या टपरीवर आता मला ओळखणारी माणसंही उरलेली नाहीत. तरी मी बोललो नाही. मला याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर शोधायचा कंटाळा आलाय. उत्तर शोधत बसणं हाही न बोलण्याचाच एक प्रकार झाला होता.

हा कागद तुमच्याकडे यायच्या आधी इंदापूरला गेलेला असेल, आणि त्याची एक प्रत बावड्याला. तात्यांना नात वाचून दाखवेल. साहेबांच्या टेबलावरही एक ठेवली आहे, जुन्या वहीसकट.

तात्या, कूलर मी आणायला सांगितला होता. तुम्ही दारात थांबला होता, ते बरोबर होतं.

मॅडम, दोन, तीन, सात आणि अकरा हे मी त्या सकाळी सगळ्यांत आधी केलेले चार. एसी बंद पडायच्या आधीचे, कोरड्या हवेतले. तुमचं द्रावण पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत एकसारखं होतं. तुम्ही नीट ढवळलं होतं. ते चार तुमचे. बाकीचे आठ माझे.